बिनशक्तीचा खलनायक सुपरहिरोला भारी का पडतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात महाल भागातल्या एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर दर रविवारी सकाळी आम्ही गोष्टी लिहिणाऱ्या मुलांचा वर्ग घेतो. दहा ते सतरा वर्षांची मुलं येतात, आणि बहुतेकांना सुपरहिरोच लिहायचा असतो. हिरो झटक्यात तयार होतो. गाडी अडते ती खलनायकापाशी. मग मुलं, आणि वर्गाबाहेर थांबलेले आईवडीलही, तेच तेच प्रश्न विचारतात. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

उडता येत नाही, गोळी लागली तर मरतो, असा माणूस सुपरहिरोला हरवतो हे पटतं तरी कसं?

हा माणूस हिरोच्या शक्तीशी लढायला जातच नाही, म्हणून पटतं. तो ती शक्ती वापरून घेतो. हिरोने दिलेला शब्द, हिरोचा चांगुलपणा, हिरोची धाव, सगळं तो उसनं घेतो आणि हिरोच्याच वाटेत आडवं टाकतो.

ज्याच्या अंगात बळ आहे त्याला डोकं चालवायची वेळ क्वचित येते. भिंत आडवी आली, फोडली. गाडी अंगावर आली, उचलली. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला मात्र आधी बघावं लागतं. हा कोणाचा शब्द मोडत नाही? कोणाची हाक आली की हातातलं टाकून पळतो? लोकांसमोर काय करायला लाजतो? दहा वर्षं असं बघत बसलेला माणूस हिरोला हिरोपेक्षा जास्त ओळखतो.

"शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ" ही म्हण वर्गात हमखास निघते. मला ती अपुरी वाटते. नुसत्या युक्तीने पर्वत हलत नाही. पर्वत हलवणारा दुसराच असतो. युक्तीवाला फक्त तो कुठे ठेवायचा ते ठरवतो.

इतका बलवान हिरो या जाळ्यात अडकतो, म्हणजे तो मूर्खच ना?

नाही. हिरोला मूर्ख केलं तर गोष्ट तिथेच मेली. हे समजवायला मी पट मांडते. २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून वर्गात बुद्धिबळ न खेळणारं मूल शोधावं लागतं, त्यामुळे हे उदाहरण चटकन पोचतं.

काळा राजा कोपऱ्यात बसलाय. त्याच्यासमोर त्याचीच दोन प्यादी आहेत. पांढरा आपला वजीर, पटावरचं सगळ्यात मोठं मोहरं, नेऊन थेट राजाला खेटून ठेवतो. शह. मुलं ओरडतात, "ताई, वजीर फुकट गेला!" राजा तो वजीर मारू शकत नाही, कारण मागून घोड्याचा जोर आहे. मग काळ्याच्या हत्तीला तो वजीर मारावा लागतो. मारला की तो हत्ती राजाच्या शेजारच्या घरात येऊन बसतो आणि राजाची शेवटची मोकळी जागा बुजते. आता पांढरा घोडा उडी मारतो आणि शह देतो. राजाला हलायला घर नाही. समोर स्वतःची प्यादी, शेजारी स्वतःचा हत्ती. मात.

यात काळ्याने शेवटी केलेली चूक दाखवा म्हटलं तर दाखवता येत नाही. हत्तीने वजीर मारला ते बरोबरच होतं. दुसरी चालच नव्हती. चूक त्याच्या आधी, सगळं सुरक्षित वाटत होतं तेव्हा झाली होती. हुशार खलनायक हिरोला असाच पकडतो. हिरोने प्रत्येक वेळी योग्य तेच करायचं, आणि ते करत करतच कोपऱ्यात जाऊन बसायचं.

लेक्स ल्यूथरकडे पैसा, यंत्रं, क्रिप्टोनाइट सगळं आहे. मग तो "बिनशक्तीचा" कसा?

सुरुवातीला खरंच तो फक्त यंत्रवाला होता. सुपरमॅन १९३८ चा, आणि जेरी सिगेल व जो शूस्टर यांनीच १९४० मध्ये त्याच्यासमोर ल्यूथर उभा केला: एक माथेफिरू शास्त्रज्ञ. गंमत म्हणजे तेव्हा त्याच्या डोक्यावर लाल केस होते. टक्कल नंतर पडलं. पुढे १९८६ मध्ये सुपरमॅनची कथा नव्याने मांडली गेली तेव्हा ल्यूथर बडा उद्योगपती झाला, आणि माझ्या मते खरा ल्यूथर तिथे जन्मला. शहरातली अर्धीअधिक माणसं त्याच्या पगारावर, इमारती त्याच्या, आणि गुन्हा कुठेच त्याच्या नावावर नाही. सुपरमॅन त्याला उचलून तुरुंगात टाकू शकत नाही, कारण पुरावा नाही. आणि पुराव्याशिवाय टाकलं तर तो सुपरमॅन राहत नाही. २००० च्या कथानकात तर तो अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकतो. लोकांनी मतं देऊन बसवलेल्या माणसाला ठोसा कसा मारणार?

क्रिप्टोनाइटबद्दल एक सांगते. सुपरमॅनला दुबळा करणारा हा हिरवा दगड आधी १९४३ मध्ये रेडिओवरच्या मालिकेत आला आणि कॉमिक्समध्ये १९४९ ला. तो सोपा उपाय आहे. नव्या ल्यूथरने त्याची अंगठी करून बोटात घातली आणि त्याच अंगठीमुळे त्याला कर्करोग होऊन हात गमवावा लागला. ही किंमत मला फार आवडते. पण दगड हाती आला की लेखक आळशी होतो हेही खरं. तुमच्या गोष्टीत असा दगड असेल तर तो काढून टाका, आणि मग खलनायक उभा राहतो का ते बघा.

आपल्याकडे असा खलनायक आहे का?

आहे, आणि त्याच्या तोडीचा मला अजून कुठे सापडलेला नाही. शकुनी.

सभापर्वातली ती सभा डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला भीम, ज्याच्या अंगात हत्तींचं बळ. शेजारी अर्जुन, ज्याच्यापुढे धनुष्य घेऊन उभं राहायला लोक कचरत. समोर एक पाहुणा, गांधारदेशाचा, हातात फासे. युद्ध झालं असतं तर एका दिवसाचंही काम नव्हतं. म्हणून शकुनीने युद्ध होऊच दिलं नाही. त्याने खेळायला बोलावलं. युधिष्ठिराचं ब्रीद सगळ्यांना माहीत होतं: आव्हान आलं तर मी मागे फिरत नाही. शिवाय निमंत्रण धृतराष्ट्राचं, म्हणजे वडीलधाऱ्यांची आज्ञा. दाराला आतून कडी लागली ती तिथेच.

मग दुर्योधन म्हणतो, पैज मी लावीन, माझ्या वतीने खेळेल मात्र मामा. युधिष्ठिराला हे खटकतं, तो तसं बोलूनही दाखवतो, की एकासाठी दुसऱ्याने खेळणं मला बरोबर वाटत नाही. आणि तरीही बसतो. सगळा डाव त्या एका वाक्यात हरला गेला, पहिला फासा पडायच्या आधी. पुढे धन गेलं, राज्य गेलं, भाऊ गेले, तो स्वतः गेला, द्रौपदी पणाला लागली. भीम चिडतो, ज्या हातांनी थोरला भाऊ खेळला ते हात जाळायला निघतो, पण उठत नाही. का? थोरल्या भावाचा शब्द. त्याचं बळ त्याच्या अंगातच होतं. वापरायची परवानगी दुसऱ्याने खर्च करून टाकली होती.

शकुनीचे फासे त्याच्या बापाच्या हाडांचे होते, म्हणून हवं ते दान पडायचं, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती व्यासांच्या महाभारतात नाही, मागाहून लोकांनी जोडली. मी मुलांना ती बाजूला ठेवायला सांगते. फाशांत जादू घातली की शकुनी लहान होतो. मग तो आणखी एक शक्तीवाला, एवढंच उरतं. जादू काढून घ्या आणि मग त्या सभेकडे बघा, अंगावर काटा येतो.

आणि त्याच सभेत, त्याच घटकेला, दुसरी एक बिनशक्तीची व्यक्ती उभी होती. द्रौपदीने आधी एक प्रश्न विचारला: राजा आधी स्वतःला हरला की मला? स्वतःच दास झालेल्याला मला पणाला लावायचा हक्क उरला होता का? त्या प्रश्नावर भीष्मांनाही उत्तर देता आलं नाही. शकुनीने नियमाचा फास केला, तिने त्याच नियमाचं टोक धरून ओढलं. खलनायक लिहिणाऱ्याने या प्रसंगाची पारायणं करावीत. बिनशक्तीची बुद्धी एकट्या खलनायकाच्या मालकीची नसते, हे त्यात दिसतं.

एकटा माणूस अख्खी टोळी फोडतो, असं चांगलं उदाहरण सिनेमात आहे का?

२०१६ च्या 'कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर' मधला झेमो. (सिनेमा पाहिला नसेल तर हे उत्तर सोडून पुढे जा.) अ‍ॅव्हेंजर्स या सुपरहिरोंच्या टोळीच्या लढाईत त्याचं कुटुंब ढिगाऱ्याखाली गेलेलं. तो सैन्यात होता, पण अंगात शक्ती वगैरे काही नाही. यांना मारणं आपल्याला जमणार नाही हे त्याला स्वच्छ कळतं, म्हणून तो त्यांना एकमेकांसमोर उभं करतो. शेवटी त्याच्या हातात असते एक चित्रफीत, १६ डिसेंबर १९९१ ची, टोनी स्टार्कच्या, म्हणजे आयर्न मॅनच्या, आईवडिलांच्या खुनाची.

ती चित्रफीत खरी आहे, हे लक्षात घ्या. तिथवर पोचायला झेमोने बॉम्बस्फोट केला, दुसऱ्याचा चेहरा लावला, माणसं मारली. पण शेवटचा घाव खऱ्याचा आहे. कॅप्टन अमेरिकाने आपल्या मित्रापासून, टोनीपासून, लपवलेलं सत्य झेमोने योग्य वेळी, योग्य खोलीत दाखवलं आणि बाजूला झाला. पुढचं त्या दोघांनीच केलं. मुलं खलनायकाला सतत खोटं बोलायला लावतात. खोटं उघडं पडतं, आणि पडलं की हिरो मोकळा होतो. खरं उघडं पडलं की मोकळं व्हायला जागाच नसते.

मोगँबो हुशार खलनायक आहे का?

हा प्रश्न बहुतेक वडील विचारतात. १९८७ चा 'मिस्टर इंडिया' त्यांच्या मनात पक्का बसलाय. मोगँबो भीतिदायक आहे, थाटाचा आहे, आणि अमरीश पुरींनी तो असा केलाय की विसरता येत नाही. पण तो हुकूम सोडणारा खलनायक आहे, डाव रचणारा नव्हे. त्या गोष्टीतली हुशार जागा वेगळी आहे: अदृश्य माणूस लाल उजेडात दिसतो. इतकी साधी, घरातल्या वस्तूने उघडी पडणारी मर्यादा सुचणं फार कठीण असतं.

आणि बॅटमॅन? त्याला तर काहीच शक्ती नाही.

बरोबर, १९३९ पासून नाही. म्हणूनच त्याचे लेखक त्याला खलनायकाचं शस्त्र देतात: आधीपासून तयारी. तो चांगल्या बाजूचा ल्यूथर आहे, आणि त्याचे मित्र त्याला थोडे बिचकून असतात ते त्यामुळेच.

कागद हे शस्त्र होऊ शकतं का? वाचणाऱ्याला कंटाळा नाही येणार?

नागपूरकराने तरी हा प्रश्न विचारू नये. सीताबर्डीच्या टेकडीवर नोव्हेंबर १८१७ मध्ये भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली. तोफा, घोडदळ, सगळं. पण भोसल्यांचं राज्य खालसा झालं ते १८५४ मध्ये, आणि त्या वेळी लढाई झाली नाही. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले, पोटी मुलगा नव्हता, दत्तकाचा हक्क डलहौसीने मानला नाही. वारस नाही, म्हणून राज्य नाही. राजवाड्यातल्या जडजवाहिराचा आणि हत्तीघोड्यांचा लिलाव झाला. आमचा वर्ग भरतो तो वाडा त्याच महालात आहे, आणि हे सांगताना दर वेळी माझा आवाज बदलतो हे मुलांनी मला दाखवून दिलंय.

इथे एक सांगायलाच हवं. डलहौसी बिनशक्तीचा नव्हता. त्या कागदामागे १८१७ च्या तोफा होत्याच. कागद एकटा कधीच चालत नाही. त्याच्यामागे कोणाचं तरी बळ उभं असावं लागतं. तुमच्या खलनायकाच्या कागदामागे कोण उभं आहे ते ठरवा. उत्तर "हिरो स्वतःच" असं आलं, तर गोष्ट जमली.

आमच्या गोष्टीतला खलनायक हुशार वाटत नाही. कुठे चुकतं?

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे: "तो अत्यंत बुद्धिमान होता" असं लिहून मुलं मोकळी होतात. वाचणाऱ्याने त्याला विचार करताना बघितलेलंच नसतं.

दुसरी चूक शेवटच्या पानावरची. पकडला गेल्यावर तो हसतो आणि म्हणतो, हेही माझ्या योजनेतच होतं. मग मी एकच विचारते: त्याला हे आधी कळलं कसं? कोणी सांगितलं? कोणत्या दिवशी? उत्तर नसेल तर तो हुशार नाही, लेखकाने त्याच्या कानात सांगितलंय. खलनायकाला कळलेली प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी दारातून आत आली पाहिजे. चहावाला, जुनं वर्तमानपत्र, हिरोच्या आईशी रांगेत झालेल्या गप्पा, काहीही चालेल.

त्याला घाई असू द्या, पैशाची चणचण असू द्या, भीतीही वाटू द्या. गोळी लागली तर मरणारा माणूस आकाशातून उडत येणाऱ्याच्या समोर उभा राहतो, म्हणजे त्याच्या पोटात गोळा येणारच. तो लिहा.

खलनायकाला असं रंगवणं म्हणजे मुलांना लबाडी शिकवणं नाही का?

मला हा प्रश्न पटतो आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. पण फसवणारा कसा विचार करतो हे न कळलेलं मूल लवकर फसतं. आज एका फोनवर आयुष्याची कमाई जाते. तिथेही समोरचा कुलूप फोडत नाही; माणसाची भीती आणि विश्वास वापरून त्याच्याच हातून कुलूप उघडून घेतो. डाव आतून पाहिलेला बरा.

मग शेवटी याला हरवायचं कसं?

ठोसा मारून नाही. म्हणजे मारता येतो, पण उशीर झालेला असतो. शकुनीला सहदेवाने मारलं खरं, पण युद्धाच्या अठराव्या दिवशी, सगळं कुळ संपल्यावर.

खलनायक ज्याचा हिशेबच करू शकत नाही, अशी एक गोष्ट शोधा. १९८७ च्या एका सुपरमॅन कथेत ल्यूथरचा संगणक छडा लावतो की साधा पत्रकार क्लार्क केंट हाच सुपरमॅन. ल्यूथर ते उत्तर फेटाळतो. इतकी शक्ती असलेला माणूस साधा म्हणून राहीलच कशाला? उत्तर समोर होतं. त्याच्या स्वभावाने ते त्याला वाचू दिलं नाही. झेमोच्या बाबतीतही तेच. त्याने सगळ्यांचा सूड मोजला, आणि सूड टाकून देणारा टी'चाला, म्हणजे ब्लॅक पँथर, त्याच्या हिशेबात नव्हता.

आमच्या वर्गातल्या तेरा वर्षांच्या एका मुलीची गोष्ट सांगते, तिला विचारून. तिचा हिरो उडतो, हत्तीएवढं ओझं उचलतो. तिचा खलनायक जमिनीचा दलाल आहे, दमेकरी, जिना चढताना दोनदा थांबणारा. त्याला उमरेडकडच्या एका गावाची जमीन हवी आहे. सातबाऱ्यावर नावं बदलायची तर फेरफार लागतो, आणि फेरफाराला हरकत घ्यायची मुदत असते १५ दिवस. नोटीस चावडीवर लागते. गावाने वाचली की खेळ संपला. मग तो काय करतो? वरच्या तलावाची भिंत फुटायला आलीय अशी आवई उठवतो. हिरो येतो, म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाठीवर घेऊन अख्खं गाव एका रात्रीत लांबच्या शाळेत नेऊन ठेवतो. लोक त्याला ओवाळतात. रिकाम्या गावात, चावडीच्या फळीवर, दुसऱ्या दिवशी नोटीस लागते.

हे वाचून दाखवलं तेव्हा ओसरीवर कोणी बोलेना. मी विचारलं, आता तुझा हिरो जिंकणार कसा? ती म्हणाली, माहीत नाही.

पुढच्या रविवारी ती शेवट घेऊन आली. गावात एक आजी होती, जी उचलू देत नव्हती. "मी नाई येत. माही म्हैस भरल्या दिवसाची हाये. तू जा, बाप्पा." हिरो तिला सोडून गेला, पण रोज एकदा वरून फेरी मारायचा. तेराव्या रात्री म्हैस व्याली. चौदाव्या दिवशी आजीने त्याला हाक मारून खाली बोलावलं, चिकाची वडी दिली. केळीचं पान नव्हतं, ताटली धुवायची राहिली होती, म्हणून चावडीवरचा फडफडणारा कागद काढून आणला होता तिने, त्यावर. आजीला वाचता येत नव्हतं. हिरोने वडी खाल्ली, कागदावरचा ओलसर डाग बोटाने पुसला, आणि खालची तारीख वाचली.